हेप्पू घातलेलं भांडं

अन्वी आणि रुद्र, मागे एकदा फोनवर अन्वीनं विचारलं होतं, "आजी, तुझ्यासारखं माझं दही का लागत नाही?" दूध किती कोमट हवं, भांडं कुठे ठेवायचं, सगळं मी सांगितलं आणि शेवटी बोलून गेले, "आणि हेप्पू जरा जास्त घाल." मग तुम्ही दोघंही हसलात. रुद्रनं तो शब्द मोबाइलवर मराठीत शोधला, मिळाला नाही, तेव्हा त्यानं मला विचारलं की हा मी आत्ताच तयार केला का. मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. ते नंतर आज आलं आहे. बोलून सांगायला गेले तर एका ठिकाणी माझा आवाज बसतो, हे मला माहीत आहे. लिहिताना पेन खाली ठेवून पाणी पिऊन येता येतं. आणि पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी हे संपवावं असं वाटतं.

आधी शब्दाचं सांगते, कारण इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे शब्द दिसला की त्याचं घराणं शोधायची मला खोड आहे. हेप्पू हा कानडी शब्द. दूध घट्ट व्हावं म्हणून त्यात जुन्या दह्याचा जो चमचा घालतात, तो हेप्पू. मराठीत त्याला विरजण म्हणतात, आमच्याकडच्या खेड्यांत इरजण, कुठे मुरवण. आमच्या शेजारच्या जमीलाचाची जामन म्हणायच्या; दूध 'जमवतं' ते जामन, इतकं ते सरळ आहे. देगलूरच्या बाजूची एक तेलुगू बाई मला पुढे कॉलेजात भेटली, तिच्या घरी त्याला तोडू म्हणत, आणि तोडू म्हणजे सोबतीसुद्धा. विरजण कुठून आला हे मी कोशांत बरंच शोधलं, पण छातीठोकपणे सांगावं असं काही हाती लागलं नाही, आणि खात्री नसेल तर तसं सांगावं हे मी वर्गात शिकवत आले. कानडीत मात्र दूध घट्ट झालं की 'हेप्पू गट्टितु' म्हणतात, आणि रक्त गोठलं तरी तेच म्हणतात. हे मला कोशानं सांगितलं नाही. कोश हातात पडण्याच्या कितीतरी आधी, लातूरच्या सरकारी दवाखान्यात एका खिडकीपाशी मला ते कळलं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, नांदेडच्या कचेरीत कारकून होते. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती म्हणून त्यांची बदली झाली. आम्ही गावाच्या कडेला दोन खोल्या आणि मागे फरशीचं अंगण असलेलं घर भाड्यानं घेतलं. जिकडे तिकडे पाट्या नव्या होत्या, रंगाचा वास येत होता, आणि पाणी कुठेच नव्हतं. नांदेडला घाटावर पाय सोडून बसायची सवय असलेल्या मला ते गाव भाजल्यासारखं वाटलं. सकाळी जाग यायची ती हापशाच्या कोरड्या खडखडाटानं. मग घागरींचा आवाज, मग भांडणाचा. दिवसाआड टँकर यायचा, त्याचा भोंगा ऐकला की गल्लीतली भाकरी तव्यावर जळायची, पण बाई घागर घेऊन बाहेर.

घरात आम्ही चौघं होतो. अप्पा, आई, मी, आणि अप्पांची आई, जिला आम्ही अज्जी म्हणायचो. अज्जीचं माहेर उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिच्या गावातली विहीर आटली तेव्हा अप्पा तिला लातूरला घेऊन आले. ती बारीक, ताठ, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, आणि काळजी वाटली की हात गळ्यातल्या लिंगाकडे जायचा. तिच्या बोलण्यात निम्मं कानडी, निम्मं आपल्याकडचं. आई हदगावची. दोघी एकमेकींशी कधी मोठ्यानं भांडल्या नाहीत, पण एका शब्दावरून त्यांचं रोजचं होतं. आई मला म्हणायची, "नंदे, विरजण आण गं." अज्जी चुलीपाशी बसून म्हणायची, "हेप्पू म्हण. इरजण म्हनलं की दही आंबट होतंय." आई हसू दाबून म्हणायची, "हदगावाला काय दही आंबटच खातात का, आत्याबाई?" "खात असतील. मी काय बघाया गेलते?" मी आईच्या बाजूची. अज्जीसमोर मुद्दाम विरजण, विरजण करायची.

पण दही अज्जीचंच चांगलं लागायचं, हे आईही कबूल करायची. दुष्काळात दूध पातळ आणि थोडं येत होतं. दूधवाल्याच्या म्हशी छावणीवर होत्या आणि उसाच्या वाळल्या पाल्यावर जगत होत्या. तरी अज्जी त्या दुधाला मंद आचेवर इतका वेळ ढवळायची की त्याचं दही सुरीनं कापावं तसं व्हायचं. धपाटं, त्यावर ते दही आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्या घरात त्या दिवसांत चैन म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

या दह्याची अज्जीची एक रीत होती. दुधात हेप्पू घातलं की ते लागेपर्यंत भांड्याकडे कुणी बघायचं नाही. झाकण उचलून तर नाहीच, पण नुसतं वळूनही नाही. दही लागताना त्याला माणसाची नजर सोसत नाही, असं तिच्या माहेरी मानत. जेवायच्या वेळी भांडं काढायला जी जाईल तिनं तोंड फिरवायचं, हातानं चाचपायचं, भांडं उचलून पाटावर ठेवायचं, आणि मग बघायचं. मी लहान असताना सुट्टीत तिच्या गावी एकदा डोकावले तर तिनं माझ्या पाठीत धपका घातला होता. "नोडबेड!" ती ओरडायची. बघू नको. आईला ही रीत हास्यास्पद वाटायची, पण शब्दापुरता हट्ट पुरे म्हणून ती रीत तिनं मुकाट्यानं पाळली. सासूचं एक ऐकायचं आणि एक नाही, असा तिचा हिशेब असावा.

उन्हाळा वाढला तसं दही दुपारपर्यंत आंबायला लागलं. तेव्हा अज्जीनं जागा बदलली. अंगणात रांजण होता. त्याच्या बुडाशी वाळू, ती सदा ओली. सगळ्या घरात गार म्हणावी अशी तेवढीच जागा. भांडं त्या वाळूत रुतवायचं आणि वरून ओलं गोणपाट टाकायचं. कल्पना चांगलीच होती. फक्त एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या मनात आली नाही. मैल दोन मैल सगळी जमीन तापून भेगाळलेली असताना ती गार ओली जागा आणखी कुणालाही हवी असेल.

त्या दुपारी टँकर नुकताच आला होता. मी रांगेत आमच्या घागरी सरकवत होते. अज्जी आत भाकरी थापत होती. तिच्या थापांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. मग आईचा आवाज आला. ओरडणं म्हणता येणार नाही. कुणीतरी धक्का दिल्यावर तोंडातून निघतो तेवढाच. मी आत धावले. आई रांजणापाशी उजवा हात डाव्या हातात धरून उभी होती आणि तिचं तोंड अजून भिंतीकडेच होतं. रीतीप्रमाणे फिरवलेलं. गोणपाट बाजूला सरकलं होतं, त्याच्या कडेला जाडजूड, तपकिरी, साखळीसारखे गोल ठिपके असलेलं काहीतरी हळूहळू वेटोळं आवळत होतं, आणि कुकरची शिट्टी सुटत नसताना येतो तसा फुसकारा सतत येत होता. तो आवाज आजही मला प्रेशर कुकरजवळ उभी राहू देत नाही. तुमची आई याला माझं म्हातारपणाचं वेड समजते.

"काय चावलं गं?" अज्जी पिठाच्या हातानं दारात आली. तिनं आईकडे पाहिलं, मग गोणपाटाकडे, मग पुन्हा आईच्या भिंतीकडे वळलेल्या तोंडाकडे. तिला त्या एका क्षणात सगळं कळलं, हे मला त्या रात्री उमगलं.

जमीलाचाचींनी कुंपणावरून पाहिलं आणि त्या अंगणात आल्याच. "भाभी, हात हलवू नका, बिल्कुल हलवू नका. घोणस हाय ती. नंदे, पळ, ड्रायव्हरला थांबीव!" मी रस्त्यावर पळाले. ड्रायव्हरनं नळी नुकतीच सोडली होती. मी काय बोलले ते आठवत नाही, पण त्यानं माझ्याकडे बघून लगेच तोटी बंद केली. रांगेत पहाटेपासून बसलेल्या बाया होत्या. पाण्याच्या एका घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या. पुढच्या म्हातारीनं आपली घागर उलटी केली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "जाऊ द्या त्येला. पानी काय, उद्या पिऊ." बाकीच्या बायांनीही घागरी बाजूला घेतल्या.

टँकरच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, आई, मी आणि अज्जी. अज्जी कधी मोटारीत पुढे बसली नव्हती. तिच्या हातांवरचं पीठ वाळून पांढरं झालं होतं. मागे पाणी हिंदकळत होतं, त्याचे धक्के आम्हाला बसत होते. आईचा हात मनगटापर्यंत सुजून चकाकत होता. ती मला म्हणाली, "नंदे, भाकरी तव्यावर आहे." मी म्हटलं, "असू दे." मग ती माझ्याकडे बघून हसली, मला धीर द्यायला असावं. तिचे दात लाल होते. आई पान खात नव्हती.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी आईच्या हिरड्या पाहिल्या, सूज पाहिली, दुसऱ्या हातातून रक्त काढलं, आणि एका कोरड्या काचेच्या नळीत घालून ती नळी खिडकीच्या कठड्यावर लाकडी घोडीत उभी केली. सुई टोचलेल्या जागी कापूस लावला, तो भिजला. दुसरा लावला, तोही भिजला. कचेरीतून सायकल मारत अप्पा आले तेव्हा डॉक्टर त्यांना समजावत होते. "विष किती भिनलंय ते हे रक्त सांगेल. नळीत गोठलं तर ठीक. नाही गोठलं तर इंजेक्शनं द्यावीच लागतील, आणि त्या औषधाचंही काही माणसांना वावडं असतं, जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी बघू. तोवर नळीला कुणी हात लावायचा नाही. हलली की काही कळत नाही."

अप्पा शिस्तीचे गृहस्थ होते. कपाटातली प्रत्येक फाइल कुठे आहे ते त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. पण डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे वळले आणि अप्पा सरळ खिडकीपाशी गेले, नळी उचलून उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. डॉक्टर धावत आले. "अहो, काय करताय!" पुन्हा रक्त काढावं लागलं. पुन्हा कापूस, पुन्हा तो भिजला. आई तोवर बोलायची थांबली होती, नुसती छताकडे बघत होती, आणि मी तिची बोटं धरायला गेले तर तिनं ती काढून घेतली, इतकी ती दुखत होती.

डॉक्टरांनी दुसरी नळी ठेवली तेव्हा अज्जी उठली. इतका वेळ ती दाराशी जमिनीवर बसली होती. ती खिडकी आणि आमच्यामध्ये येऊन बसली, नळीकडे पाठ करून. "शिवा, खाली बस," ती अप्पांना म्हणाली. "हितं. माझ्याम्होरं." अप्पा बसले. "नंदे, तू बी. तिकडं तोंड करू नको." मग डॉक्टरांकडे वळून तिनं विचारलं, "रगत हेप्पू झालं पायजे, न्हवं का?" डॉक्टरांना शब्द कळला नाही. अप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "घट्ट. दही लागतं तसं." "हो आजी, तसंच," डॉक्टर म्हणाले. अज्जीनं मान हलवली. तिचा हात गळ्यातल्या लिंगावर होता. ते भिंतीवरचं घड्याळ, बाहेर बांधकामावर फोडल्या जाणाऱ्या खडीचा आवाज, आणि आम्ही तिघं पाठ फिरवून बसलेलो. जन्मभर ती रीत मला चेष्टा वाटली होती. त्या दुपारी मी ती जीव लावून पाळली. मी मान इतकी ताठ धरली होती की रात्रभर ती दुखत राहिली.

डॉक्टरांनी नळी उचलली आणि तिरकी केली. तेव्हा आम्ही मान वळवली, पण नळीकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे. "नाही," ते म्हणाले. "पाण्यासारखं आहे." मग ते भराभर इंजेक्शनांची तयारी करायला लागले आणि आम्हाला बाहेर काढलं.

पुढच्या तासांबद्दल मी फार लिहिणार नाही. औषध सुरू झाल्यावर आईला हुडहुडी भरली, सगळी खाट वाजत होती, तो आवाज व्हरांड्यात येत होता. अप्पा भिंतीला टेकून उभे होते. अज्जी माझ्याशी बोलली ते एकदाच. "न बघता हात घाल म्हनलं ते मी," ती म्हणाली. "ती हसत होती मला. तरी ऐकलं तिनं." मी सोळा वर्षांची होते, तिच्या शेजारी नुसती बसून राहिले. आज मी तिचा हात धरला असता, एवढंच.

उजाडल्यावर पुन्हा रक्त काढलं. ते पातळच राहिलं. पुन्हा औषध. ऊन चढल्यावर डॉक्टर पुन्हा नळी घेऊन आले, घोडीत ठेवली, आणि दमून स्टुलावर बसले. त्यांनीही रात्री डोळा मिटला नव्हता. आई जागी होती की नाही कळत नव्हतं. मी सवयीनं पाठ फिरवून बसले. अज्जी माझ्यासमोर बसली होती. वेळ झाली, डॉक्टर उठायला लागले, आणि अज्जीनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"पोरगी बघंल," ती म्हणाली.

"मी?"

"तूच. नोडु. डोळे उघडे ठिऊन नोडु. आता आमच्या घरात न बघता काय बी उचलायचं न्हाई."

डॉक्टरांनी एकदा अप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ये. हळूच तिरकी कर," ते म्हणाले, "मी धरतो खालून." मी खिडकीपाशी गेले. नळी गार होती. आतला रंग गडद, जांभळ्याकडे झुकणारा. मला वाटलं, मी ती तिरकी करेन आणि ते माझ्या बोटांकडे धावत येईल, आणि मग मला वळून यांना सांगावं लागेल. मी तशीच उभी राहिले. मग मी नळी झुकवली. ते हललं नाही. आणखी झुकवली, जवळजवळ आडवी केली. कडेला थोडंसं पिवळट पाणी सुटलं होतं आणि मधला गोळा होता तिथे घट्ट बसून होता.

"लागलं," मी म्हणाले. "अज्जी, लागलं."

अज्जीनं तोंडावर पदर घेतला. अप्पा खाटेच्या पायथ्याला धरून खाली बसले. डॉक्टरांनी माझ्या हातातून नळी घेतली, स्वतः पुन्हा पाहिली आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले, "चला." अज्जी पदराआडून काहीतरी पुटपुटत होती. हेप्पू गट्टितु, हेप्पू गट्टितु. मग ती उठली, आईच्या कानाशी वाकली आणि तेच तिला मोठ्यानं सांगितलं, जणू आईला कानडी येत होतं.

घरी यायला आईला बरेच दिवस लागले. मधे लघवी बंद झाल्याची भीती होती, मग हातावरची कातडी गेली, आणि एक बोट काढावं लागलं. पाऊस त्या वर्षीही उशिरा आणि थोडाच आला. रांजण अप्पांनी ओट्यावर उंच चढवला आणि खालची वाळू उपसून टाकली. अज्जी पुढे काही वर्षं आमच्यात होती. दही तिनंच लावलं, पण काचेच्या बरणीत, उघड्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असं. कुणी बघितलं तर ती काही म्हणायची नाही. उलट मीच जरा आंबट लागलं म्हटलं की म्हणायची, "मग बघत जा की नीट." आणि आई? तिनं अखेरपर्यंत विरजणच म्हटलं. त्यावरून दोघींचं पूर्वीसारखं चालू राहिलं आणि ते ऐकताना अप्पांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

अज्जी गेली, अप्पा गेले. ते भाड्याचं घर पाडून तिथे दुकानांची रांग झाली आहे. डॉक्टर पुढे कुठे गेले ते आम्हाला कळलं नाही. त्यांचं नावही मला आठवत नाही, याची मला लाज वाटते. जमीलाचाचींचा मुलगा अजून त्याच गल्लीत राहतो.

आई आहे. लातूरला, तुमच्या मावसआजीच्या, म्हणजे माझ्या मावसबहिणीच्या घरी. तिला आता कमी ऐकू येतं आणि उजव्या हाताला चार बोटं आहेत. तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा ती तुमच्या हनुवटीला लावील तो तोच हात.